सातूच्या खळ्यावरचे आख्यान

चैत्र शुद्ध प्रतिपदेस गुढी उभी राहते आणि त्याच सायंकाळी क्षेत्रोक्षेत्रीच्या राममंदिरांतून कीर्तनास आरंभ होतो. या नऊ दिवसांत एक दिवस सीतास्वयंवराच्या आख्यानाचा. त्या दिवशी सभामंडपात तीळ ठेवण्यास जागा उरत नाही. शिवधनुष्य कोण भंगणार, हे आजीच्या मांडीवर पेंगणाऱ्या नातवासही ठाऊक असते. तरीही एकेक राजा धनुष्याशी झटून माघारी फिरू लागला आणि जानकीच्या हातातील माळ कापू लागली, की जाणत्या-नेणत्या सर्वांचाच श्वास अडतो. श्रोत्यांस येथे पुढे काय झाले हे जाणावयाचे नसते. त्या घटकेस जानकीस काय वाटले असेल, हे जाणावयाचे असते. आणि गंमत अशी, की वाल्मीकींच्या बालकांडात त्या प्रसंगी माळ घेऊन उभी राहिलेली जानकीच नाही. विश्वामित्र सांगतात, राम धनुष्य उचलतो, ते भंगते आणि जनक आपला पण पुरा करतो. माळ, तिचा कंप, सखीचा आधार ही सारी पुढील कवींची आणि कथेकऱ्यांची देणगी आहे. रामभक्तांनी ती शतकानुशतके डोळ्यांत पाणी आणून स्वीकारली आहे.

हीच भूक ओळखून पाश्चात्त्य देशांत कादंबरीची एक शाखा सुमारे दीडशे वर्षे वाढत आली आहे. बायबलातील एखादे चरित्र घ्यावयाचे, त्या काळची घरे, शेते, विहिरी, वस्त्रे, लग्नविधी यांचा नीट अभ्यास करावयाचा, आणि मूळ ग्रंथाने जे एका ओळीत सांगून टाकले त्याचा विस्तार करून त्यात एक सोज्ज्वळ प्रीतिकथा गुंफावयाची, असा तिचा थाट. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी परदेशी गेलेल्या आपल्या मुलींच्या हाती ही पुस्तके पडतात. येथील वाचनप्रिय लेकी-सुनाही ती आवडीने वाचतात. मग घरातील वडीलधाऱ्यांस दोन शंका येतात. एक, ही पुस्तके परधर्माची; दुसरी, त्यांत प्रेमकथा. आख्यान आटोपून आम्ही उपरणे घडी करीत असता या शंका आमच्यापर्यंत येऊन पोहोचतात. म्हणून रामनवमीच्या या पानावर हा विषय घेत आहोत. आख्यान रंगविणे हाच ज्याचा उभ्या जन्माचा व्यवसाय, त्याला या प्रश्नापासून अंग चोरून चालणार नाही. मूळ पवित्र कथेत आपल्या पदरचे किती घालावे, हा प्रश्न जसा त्या कादंबरीकारांपुढे आहे तसा तो आमच्यापुढेही रोज उभा राहतो.

या शाखेचा इतिहास थोडक्यात सांगतो. १८८० साली ल्यू वॉलेस या अमेरिकन सेनानीने 'बेन हर' लिहिली. १९४२ साली लॉइड डग्लस या धर्मोपदेशकाची 'द रोब' आली. दोहोंवर निघालेले चित्रपट आपल्याकडील जुन्या पिढीनेही पाहिले असतील. १९५९ च्या 'बेन हर' चित्रपटास तर ११ ऑस्कर पारितोषिके मिळाली. पण त्या पुस्तकांत तलवारी, रथ आणि गलबते फार, प्रीती कडेकडेने. पुढे मात्र स्त्रियांनी मुख्यतः स्त्रियांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्यांचा ओघ सुरू झाला. फ्रान्सिन रिव्हर्स या बाई आधी सर्वसाधारण शृंगारकथा लिहीत. ख्रिस्तभक्तीकडे वळल्यावर त्यांनी येशूच्या वंशावळीत ज्यांचा उल्लेख येतो अशा पाच स्त्रियांवर २००० व २००१ या दोन वर्षांत पाच लहान कादंबऱ्या लिहिल्या. इराणात जन्मलेल्या टेसा अफशार यांनी २०१० साली यरीहो नगरीच्या राहाबेवर आणि २०१४ साली रूथवर कादंबरी लिहिली. रूथची कथा तर या सर्व लेखकांची आवडती. १९५४ साली फ्रँक स्लॉटर या शल्यविशारद लेखकानेही ती लिहिली होती. तीच कथा येथे घेऊ. आमच्या श्रोत्यांस ती माहेरची वाटेल.

मूळ ग्रंथ अवघ्या चार अध्यायांचा. सारे मिळून ८५ श्लोक. बेथलेहेमात दुष्काळ पडतो. एक कुटुंब मवाब या परक्या देशी पोट भरावयास जाते. तेथे घरधनी मरतो, मवाबी मुलींशी विवाह केलेले दोन्ही मुलगे मरतात आणि दहाएक वर्षांनी घरात तीन विधवा उरतात: सासू नामी आणि दोघी सुना, अर्पा व रूथ. नामी गावी परतावयास निघते आणि सुनांना म्हणते, की तुम्ही माहेरी जा, तुमचे संसार पुन्हा होवोत. अर्पा रडते आणि परतते. रूथ परतत नाही. सासूची वाट, सासूचे घर, सासूची माणसे आणि सासूचा देव ती आपला मानते. मरणानंतरची मातीसुद्धा सासूशेजारची मागते. वाचकहो, जगाच्या वाङ्मयातील या गाजलेल्या निष्ठावचनाचा उच्चार एका विधवेने पतीपुढे वा प्रियकरापुढे केलेला नाही. तो सुनेने सासूपुढे केला आहे.

दोघी बेथलेहेमास पोहोचतात तो सातूच्या कापणीचा आरंभ, म्हणजे आपला साधारण चैत्र-वैशाखाचा सुमार. रूथ शेतांत सरवा वेचावयास जाते. यहुद्यांच्या धर्मशास्त्राचा दंडक असा, की शेताचा कोपरा कापू नये, गळलेली कणसे परत उचलू नयेत. ती परदेशी, पोरके आणि विधवा यांची. आपल्या शास्त्रात यालाच उंछवृत्ती म्हटले आहे. महाभारताच्या आश्वमेधिक पर्वात युधिष्ठिराच्या यज्ञात येऊन लोळणारा अर्धसुवर्ण मुंगूस ज्यांची थोरवी सांगतो, ते कुरुक्षेत्रीचे ब्राह्मण कुटुंबही असेच वेचलेल्या सातूच्या पिठावर जगत होते. भुकेल्या अतिथीसाठी आपला वाटा सोडणाऱ्या त्या चौघांत एक सूनही होती, हे आमच्या श्रोत्यांच्या स्मरणात असेल.

शेताचा मालक बवाज हा रूथच्या सासऱ्याचा नातलग. तो तिची चौकशी करतो, तहान लागल्यास गड्यांनी भरून ठेवलेल्या पाण्यातून पिण्यास सांगतो, दुपारी आपल्या माणसांत बसवून भाजलेले दाणे स्वतः देतो. ती तृप्त होईपर्यंत खाते आणि उरलेले सासूसाठी बांधून ठेवते. मग ती पुन्हा वेचावयास उठली, की तो गड्यांना हळूच सांगतो, की तिच्यासाठी पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसे गळू द्या, आणि तिला बोलू नका. मूळ ग्रंथ यापुढे एक शब्द खर्चीत नाही. मुद्दाम गळू दिलेल्या कणसांत त्या माणसाच्या मनातले सारे आले, असे आम्हांस वाटते. पत्रे लिहून याहून अधिक काय सांगता येते?

आता कादंबरीकाराचे काम येथून सुरू होते. त्या संध्याकाळी घरी जाताना रूथच्या मनात काय आले? इतके धान्य कसे मिळाले, हा विचार तिला शिवला का? बवाज रात्री कुशीवर वळला तेव्हा त्याने स्वतःला काय समजावले? नामीने सुनेच्या डोळ्यांत काय पाहिले? ग्रंथ गप्प आहे. बायबलाचे कथन पाहिले तर ते आपल्या पुराणांसारखे पाल्हाळिक नाही. ते सूत्रांच्या जातीचे आहे. याकोबाने राहेलीसाठी सात वर्षे चाकरी केली आणि प्रीतीमुळे ती त्याला थोड्या दिवसांसारखी वाटली, एवढे एका श्लोकात सांगून मूळ ग्रंथ पुढे जातो. सात वर्षे, एक श्लोक! टोमास मान या जर्मन कादंबरीकाराने याकोब-योसेफाच्या त्याच कथेवर १९३३ ते १९४३ या काळात चार खंड लिहिले. सूत्र आले, की भाष्य येणारच. यहुदी पंडितांनी 'मिद्राश' नावाच्या आपल्या भाष्यवाङ्मयात हे काम फार पूर्वीपासून केले आहे. रूथ ही मवाबच्या एग्लोन राजाच्या वंशातील राजकन्या होती, असे त्यांनी सांगून टाकले. गरीब अर्पेच्या वाट्यास मात्र त्यांनी गल्याथ राक्षसाची पूर्वजा होणे दिले. हे आम्हांस रुचत नाही. जी सासूच्या आज्ञेवरून, रडत, माहेरी परतली तिचा अपराध तो कोणता? चांगल्या कादंबऱ्यांनी अर्पेला हा न्याय दिलेला आढळतो, तेव्हा बरे वाटते.

मूळ कथेतील एका दुव्याचा तर कादंबरीकारांस फार उपयोग होतो. बवाज परदेशी स्त्रीविषयी इतका मृदू का? मत्तयाच्या वंशावळीत बवाजाची आई राहाब म्हटली आहे. तीही परकी, यरीहोची. परकी म्हणून जिच्याकडे बोटे दाखविली गेली असतील अशा आईचा मुलगा दुसऱ्या परकीकडे कोणत्या डोळ्यांनी पाहील, हे निराळे सांगावयास नको. येथे आम्हांस कालिदासाची आठवण होते. महाभारतातील दुष्यंत शकुंतलेस ओळखूनही लोकभयाने नाकारतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणि मुद्रिका घातली, नायक सावरला आणि कथेस करुणेची खोली आली. मूळ कथेच्या पोटातूनच अशी भर निघाली पाहिजे. वरून चिकटविलेली ठिगळासारखी दिसते. १९६० च्या 'द स्टोरी ऑफ रूथ' या चित्रपटात रूथला कमोश देवाच्या मंदिराची पुजारीण करून टाकले आहे. पडद्यावर ते भपकेबाज दिसते, परंतु ओंजळीत सरवा घेऊन चालणारी साधी सून त्यात हरवते.

या कादंबऱ्यांची खरी कसोटी तिसऱ्या अध्यायात लागते. नामी सुनेला सांगते, स्नान कर, तेल लाव, चांगले वस्त्र नेस आणि रात्री बवाज खळ्यावर निजेल तेथे जाऊन त्याच्या पायांशी पड. त्या काळी धान्य उपणून झाल्यावर मालक राशीपाशीच निजत असे. मध्यरात्री बवाज दचकून उठतो तो पायांशी स्त्री! ती आपले नाव सांगते आणि त्याच्या वस्त्राच्या सावलीची, म्हणजे विवाहाची, याचना करते. बवाज तिला आशीर्वाद देतो. तरुणांच्या मागे न जाता तू इकडे आलीस, हे अधिक थोर, असे म्हणतो. यावरून तो वयाने प्रौढ होता हे उघड आहे. पण त्याच क्षणी तो सांगतो, की माझ्याहून जवळचा एक आप्त आहे. प्रथम हक्क त्याचा. उजाडण्यापूर्वी, कोणी कोणाला ओळखू येण्याआधी, तो तिच्या पदरात सहा मापे सातू घालून तिला परत पाठवितो, म्हणजे सासूकडे ती रिकाम्या हाती जाणार नाही.

हलक्या लेखणीच्या हाती ही रात्र पडली तर काय होईल, हे सांगणे नलगे. नवव्या शतकातील काश्मीरच्या आनंदवर्धनाचार्यांनी 'ध्वन्यालोका'त यासंबंधी स्पष्ट सांगितले आहे, की अनौचित्याइतके रसभंगाचे दुसरे कारण नाही आणि रामायणादी सिद्धरस कथांत मूळ रसाच्या विरोधी अशी स्वेच्छा कवीने योजू नये. कुमारसंभवात शिवपार्वतींच्या संभोगाचे वर्णन कालिदासाच्या प्रतिभेच्या बळावर खपून गेले, हेही त्यांनी लपविले नाही. देवतांचा शृंगार वर्णिणे म्हणजे मातापित्यांचा वर्णिण्यासारखे, अशी त्यांची भूमिका. आमची सोज्ज्वळ कादंबरीकार मंडळी 'ध्वन्यालोक' वाचून लिहितात असे नव्हे, परंतु त्यांतील चांगल्यांनी ही मर्यादा आपल्या भक्तीतूनच ओळखली आहे. त्या खळ्यावरच्या रात्री दोन माणसे बोलतात आणि उजाडते, एवढेच त्या ठेवतात. वाचकाचे काळीज मात्र रात्रभर धडधडत राहते. कारण अडसर बाहेरचा खलपुरुष नाही. अडसर बवाजाच्या मनातील धर्म आहे. त्याला ती हवी आहे, आणि तरीही दुसऱ्याचा हक्क डावलून नको आहे. हाच या प्रकारच्या कथांचा गाभा, आणि भाविक वाचक यासाठीच त्यांकडे येतो. संयमाने प्रीती कमी होत नाही, ती दाटते, हा अनुभव त्याला आधुनिक उघड्या-वाघड्या वाङ्मयात मिळत नाही.

मराठी वाचकास हे नवे नाही. रणजित देसाई यांच्या १९६२ च्या 'स्वामी'त माधवराव आणि रमाबाई किती थोडे बोलतात! १७७२ साली थेऊरास काय होणार हे पहिल्या पानापासून ठाऊक असूनही पिढ्यान्‌पिढ्या ती कादंबरी घरोघर वाचली गेली. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ ची; महाभारतातील मौनांत बोलू लागलेला कर्ण आपण आपला म्हणून स्वीकारलाच की. सावित्री, दमयंती, रुक्मिणी यांच्या आख्यानांतही प्रीती आहेच. रुक्मिणीने तर स्वतः पत्र पाठविले. एकनाथमहाराजांनी त्या प्रसंगावर 'रुक्मिणीस्वयंवर' हा ग्रंथच रचला आणि उपवर मुलींनी तो वाचावा असा प्रघात पडला. तेव्हा प्रेमकथा म्हणून पुस्तक हातून काढून घ्यावयाचे, तर रुक्मिणीस्वयंवराचे काय करावयाचे?

या नव्या कादंबऱ्यांतील सर्वच आम्हांस मान्य आहे असे नाही. पुष्कळांत बवाज तरुण, रुंद खांद्यांचा, डोळ्यांत वीज असलेला असा रंगविला जातो. मग प्रौढ पुरुषाच्या संकोचातील गोडवा जातो. कोठे कोठे तीन सहस्र वर्षांपूर्वीची मवाबी विधवा आजच्या शहरी तरुणीसारखी स्वतःच्या भावनांचे पृथक्करण करू लागते. आणि सर्वांत मोठी तक्रार नामीसंबंधी. नायक-नायिकांस जागा करून देण्यासाठी म्हातारीला स्वयंपाकघरात लोटतात. मूळ कथा खरी नामीची आहे. भरली गेले आणि रिती परतले, आता मला गोड नावाने न हाकारता मारा, म्हणजे कडू, म्हणा, असे वेशीत बायकांपुढे बोलणाऱ्या त्या बाईचे रितेपण कसे भरले, हा कथेचा विषय. रूथ-बवाज विवाह हा त्या भरण्याचा मार्ग आहे.

परधर्माच्या शंकेविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ही चरित्रे मराठीस परकी राहिलेली नाहीत. गोव्यात फादर स्टीफन्स यांनी ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' रचले, ते १६१६ साली छापले गेले. ख्रिस्ती झालेल्यांसही पुराणश्रवणाची सवय सुटेना, म्हणून बायबलाला पुराणाचा वेश द्यावा लागला. त्याहून आमच्या जिव्हाळ्याची गोष्ट कोकणातील बेने इस्रायल बांधवांची. तेलघाण्याचा धंदा करणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून 'शनिवार तेली' म्हणविले गेलेले हे यहुदी लोक मराठीच बोलत. एकोणिसाव्या शतकात, १८८० च्या सुमारास, मुंबईत त्यांच्यातील हौशी मंडळींनी नारदीय कीर्तनाचा घाट उचलला आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने मराठी पदे-साक्या-दिंड्यांत रचून टाळ-मृदंगावर उभी केली. पूर्वरंग-उत्तररंगाची ती मांडणी त्यांनी आपल्या शेजाऱ्यांकडून, म्हणजे आमच्या पूर्वसूरींकडून घेतली. त्यांनी आमचा घाट घेतला म्हणून ते आपल्या देवापासून ढळले नाहीत. मग आमच्या घरातील सुनेने त्यांच्या रूथची कथा वाचली तर तिच्या देव्हाऱ्यातील निरांजन कशाने विझेल?

अशा घरात ही पुस्तके वाचली जात असतील तर आमची सूचना एवढीच, की प्रथम मूळचे चार अध्याय वाचावेत. मराठी बायबलात ते सहज सापडतात, घडीभराचे काम. मग कादंबरी घ्यावी. काय मूळचे, काय लेखिकेचे, हे कळू लागते आणि वाचनाचा आनंद दुणावतो. सासू-सुनेने मिळून वाचल्यास अधिकच बरे, कारण चौथ्या अध्यायापाशी कादंबरी आणि ग्रंथ यांच्या वाटा बहुधा फुटतात.

बवाज सकाळीच वेशीपाशी जाऊन बसतो, दहा पंच बसवतो आणि त्या जवळच्या आप्तास विचारतो. शेत घ्यावयास तो तयार होतो. पण शेताबरोबर मवाबी विधवाही स्वीकारून मृताचे नाव त्याच्या वतनावर चालविले पाहिजे, हे कळताच मागे सरतो. आपल्या धर्मशास्त्रातील क्षेत्रज पुत्राची कल्पना येथे अभ्यासकांस आठवेल. फरक हा, की येथे रीतसर विवाह आहे. आप्त आपले पायताण काढून देतो, हक्क सुटतो, लग्न लागते. प्रीतिकथा येथे संपली. बहुतेक कादंबऱ्याही येथेच, वाजंत्रीच्या आवाजात, मिटतात. मूळ ग्रंथ मात्र थोडा पुढे जातो. रूथला मुलगा होतो. नामी त्याला उचलून उराशी घेते आणि त्याची दाई होते. वेशीत जिच्या तोंडून कडू हे नाव ऐकले होते, तिच्याभोवती गावच्या बायका जमतात. ही सून तुला सात मुलग्यांहून बरी, असे म्हणतात. नामीला मुलगा झाला, असे त्या गावभर सांगतात आणि बाळाचे नावही त्याच शेजारणी ठेवतात: ओबेद. तो पुढे दावीद राजाचा आजा झाला.